मेंढरांचे मंदगति रोग व त्यांचा ऐतिहासिक माग

(१) विषयप्रवेश

रोगराईचा इतिहास लिहूं पाहणारास आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत पटकी, देवी, ग्रंथिज्वर यांचे व गुरांच्या मरीचे उल्लेख आढळतात. हीं संकटें एकाएकीं येतात, थोड्या दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे करतात, आणि म्हणूनच त्यांची नोंद होते. परंतु जो रोग चोरपावलांनीं येतो, ज्याच्या शिरकावांत व पहिल्या मृत्यूंत कित्येक वर्षांचें अंतर असतें, त्याची नोंद सहसा होत नाहीं. मेंढरूं खंगलें, त्यास धाप लागली, तें कळपामागें राहूं लागलें व एके दिवशीं मेलें, इतकेंच मेंढपाळ सांगतो. दप्तरांत तेवढेंहि येत नाहीं. अशा रोगाचा इतिहास लिहितां येतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें असें कीं, तो लिहितां येतो. इतकेंच नव्हे, तर या वर्गांतील एका प्रमुख रोगाचा उगम प्रथम सूक्ष्मदर्शकानें दाखविला नसून, कोणतें जनावर कोठून व केव्हां आलें या प्रश्नाच्या चिकाटीच्या शोधानेंच तो उघडकीस आला. ही पद्धति इतिहाससंशोधकाचीच होय.

(२) बेट व पहारा

करंजा हें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. मुंबई बंदराच्या तोंडाशीं, द्रोणागिरीच्या पायथ्याशीं असलेलें हें स्थळ प्रथम फिरंग्यांच्या, मग मराठ्यांच्या व अखेर इंग्रजांच्या हातीं गेलें. १७ मे १७८२ रोजीं झालेल्या सालबाईच्या तहांत साष्टी, घारापुरी व हॉग बेट यांच्या जोडीनें करंजाचेंहि नांव घातलेलें आहे. पुढें इंग्रजी अमलांत उरणचा हा भाग पनवेल तालुक्यांत मोडत असे. एवढ्याशा भूमीस तहाच्या कलमांत स्वतंत्र जागा मिळाली याचें कारण उघड आहे: ती बंदराच्या तोंडावर होती व ती बेट होती. चोहोंकडून पाण्यानें वेढलेली जागा राखावयास सोपी, तेथें कोण येतो व कोण जातो यावर नजर ठेवतां येते, ही समजूत राज्यकर्त्यांत सर्वत्र रूढ होती.

रोगाच्या बाबतींतहि हीच समजूत चालत आली. परक्या मुलखांतून आलेलें गलबत, माणूस वा जनावर कांहीं दिवस अलग ठेवावें, तेवढ्या मुदतींत रोग दिसला नाहीं तर आंत घ्यावें, असा हा नियम. 'क्वारंटाईन' या शब्दाच्या मुळाशीं चाळीस दिवस हाच अर्थ आहे. हिंदुस्थानांत परदेशी जनावरांच्या आयातीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारनें १८९८ च्या कायद्यानें घेतला. पटकी, ग्रंथिज्वर, बुळकांडी यांसारख्या रोगांस हा नियम लागू पडतो, कारण त्यांची मुदत दिवसांनीं मोजतां येते. ज्या रोगाची मुदत वर्षांनीं मोजावी लागते त्याच्यापुढें बेट, पाणी व पहारा यांचें कांहीं चालत नाहीं. याचा धडा जगास मिळाला तो मात्र कोंकणच्या किनाऱ्यावर नव्हे, तर उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलंड देशांत. मुंबईपुढें जसें घारापुरी वा करंजा, तसें त्या देशाच्या रेक्याविक या राजधानीपुढें समुद्रांत थेर्नेय नांवाचें लहानसें बेट आहे. पुढील वृत्तांताचा आरंभ तेथें होतो.

(३) वीस मेंढरांची आयात

आइसलंडांत नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत वस्ती झाली तेव्हां वसाहतकऱ्यांनीं आपल्याबरोबर मेंढरें नेलीं. पुढें हजार वर्षें त्यांच्याच वंशाचीं मेंढरें तेथें नांदलीं. बाहेरून आलेलें रक्त त्यांत फारच थोडें. शेती तुटपुंजी, थंडी कडक, त्यामुळें मांस, लोकर व दूध या तिहींसाठीं तो देश मेंढरांवर अवलंबून होता. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, तेव्हां उत्पन्नाचें नवें साधन म्हणून काराकुल जातीच्या मेंढरांकडे तेथील लोकांचें लक्ष गेलें. ही जात मूळची मध्य आशियांतील बुखाऱ्याकडची. तिच्या नुकत्याच जन्मलेल्या कोकरांच्या कुरळ्या कातड्यास युरोपांत मोठी किंमत येत असे.

१९३३ सालीं जर्मनींतील हाले येथील विद्यापीठाच्या पशुपैदास संस्थेंतून २० काराकुल मेंढरें आणण्यांत आलीं. त्यांत बहुतेक एडके होते. त्यांच्याबरोबर निरोगीपणाचे दाखले होते. तरीहि सावधगिरी म्हणून तीं थेर्नेय बेटावर सुमारें दोन महिने अलग ठेवलीं गेलीं. त्या मुदतींत एकहि मेंढरूं आजारी पडलें नाहीं. मग तीं देशाच्या निरनिराळ्या भागांतील १४ शेतकऱ्यांकडे वांटून देण्यांत आलीं. जें जें करणें त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें योग्य होतें तें सर्व केलें गेलें, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें जें घडलें तें निष्काळजीपणामुळें घडलें नाहीं. रोगाचें कालमानच निराळें होतें.

एकदोन वर्षांतच कांहीं कळपांत फुप्फुसाचा एक विलक्षण रोग दिसूं लागला. मेंढी चालतांना धापा टाकी, आणि तिचे मागचे पाय उचलून डोकें खालीं केलें म्हणजे नाकांतून पाणी वाहूं लागे. हा रोग दक्षिण आफ्रिकेंत पूर्वींच ठाऊक होता. तेथील डच वंशाच्या मेंढपाळांनीं त्यास 'यागसिक्ते', म्हणजे पिटाळल्याचा आजार, असें नांव दिलें होतें. कारण रोगी मेंढी कोणी पाठलाग करून दमविल्यासारखी दिसे. १९३८ त आंतड्यांचा एक चिवट रोग ओळखला गेला. पशुवैद्य त्यास पराक्षय म्हणतात. १९३९ च्या सुमारास फुप्फुसाचा आणखी एक रोग पहिल्याहून वेगळा असल्याचें ध्यानांत आलें. त्यास तेथील लोकांनीं 'मैदी' म्हटलें. कांहीं मेंढरांत मागचे पाय लुळे पडत, ओंठ थरथरत, अंग झिजत जाई व अखेर अर्धांग होई. हा मेंदूचा व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूचा रोग 'विस्ना' या नांवानें ओळखला जाऊं लागला.

हीं दोन्ही नांवें विद्वानांनीं घडविलेलीं नाहींत. मैदी म्हणजे धाप आणि विस्ना म्हणजे वाळत जाणें. आपला धनगर जें 'धाप लागली' व 'खंगलें' म्हणून सांगतो तेंच त्या देशांतील मेंढपाळ आपल्या भाषेंत सांगत होते. फरक एवढाच कीं, तेथें त्या शब्दांचीं रोगांचीं नांवें झालीं व तीं ग्रंथांत गेलीं.

(४) माग कसा काढला

नील्स दुंगाल या रेक्याविकच्या प्राध्यापकानें यागसिक्तेचा अभ्यास केला, व गुद्मुंदुर गीस्लासन यानें मैदीचें वेगळेपण निश्चित केलें. त्यांच्यापुढील अडचण मोठी होती. दोन रोग एकाच वेळीं, एकाच देशांत, बहुधा एकाच कळपांत, आणि दोहोंचें बाह्य लक्षण धाप हेंच. त्यांतून मैदीचीं लक्षणें लागण झाल्यावर दोन वर्षांच्या आंत क्वचितच दिसत. पुष्कळदां तीनचार वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ लागे. आज मेलेल्या मेंढीला रोग कोणापासून लागला हें विचारावयाचें तर चार वर्षांपूर्वींच्या हिवाळ्यांत ती कोणाशेजारीं बांधली होती हें सांगणारा साक्षीदार पाहिजे.

सुदैवानें तसे साक्षीदार तेथें होते. आइसलंडांत उन्हाळ्यांत मेंढरें सामाईक डोंगरी कुरणांत मोकळीं सोडतात व शरद ऋतूंत एकत्र हांकून आणून कानांच्या खुणांवरून ज्याचीं त्यास वांटतात. या खुणांच्या नोंदवह्या असतात. कोणत्या शेतकऱ्यानें कोणाकडून एडका घेतला हेंहि लोकांस ठाऊक असे. या माहितीच्या आधारें रोगी कळपांची वंशावळ मागें मागें नेतां, ती १९३३ त आलेल्या काराकुल एडक्यांपैकीं थोड्याशांशीं जाऊन भिडली. दाखला असलेलें, पहाऱ्यांतून पार पडलेलें व स्वतः धडधाकट दिसणारें जनावर हेंच रोगाचें वाहन ठरलें.

ऐतिहासिक अनुमानाचें हें उत्तम उदाहरण होय. मागाहून घडलें म्हणून त्यामुळेंच घडलें असें मानूं नये, हा नियम आम्हांस मान्य आहे. परंतु येथें निरनिराळ्या खोऱ्यांतील, एकमेकांशीं संबंध नसलेले माग एकाच मुळाशीं मिळत होते, व ज्या भागांत काराकुलचा वंश पोंचला नव्हता ते भाग निरोगी होते. स्वतंत्र साधनांची एकवाक्यता हेंच अस्सलपणाचें प्रमाण. तें येथें पूर्णपणें लागू पडतें. पुढें प्रयोगांनींहि यास दुजोरा मिळाला. रोगी फुप्फुसांचा अंश निरोगी प्रदेशांतून आणलेल्या मेंढरांस टोंचला असतां, दीर्घ कालानें कां होईना, त्यांस तोच रोग झाला.

(५) संहार व निर्मूलन

उगम कळला तरी उपाय सांपडला नाहीं. औषध नव्हतें, लस नव्हती. मैदीवर ती आजहि नाहीं. प्रथम १९३७ पासून देश आडवाउभा तोडणारीं तारेचीं कुंपणें घालून रोगी भाग निरोगी भागांपासून वेगळे करण्याचा यत्न झाला. त्यानें रोग मंदावला, पण गेला नाहीं. कांहीं कळपांत दरसाल शेंकडा २० ते ३० मेंढरें मरूं लागलीं. हिवाळ्यांतील पांचसहा महिने मेंढरें बंद कोंडवाड्यांत अंगास अंग लावून असत. तेथें एकाचा श्वास दुसऱ्यास लागे. आईच्या चिकांतून व दुधांतून रोग कोकरांत उतरे तो वेगळाच.

अखेर १९४४ पासून पुढील सुमारें दहा वर्षांत एकेक प्रदेश घेऊन त्यांतील सर्व मेंढरें, रोगी व निरोगी असा भेद न करतां, मारून टाकण्यांत आलीं. प्रदेश बहुधा एक वर्ष मेंढरांवांचून ओस ठेवला जाई, आणि मग जेथें रोग पोंचला नव्हता त्या वायव्येकडील द्वीपकल्पांतून कोकरें आणून तेथें नवे कळप बसविले जात. मैदीनें मेलेल्या मेंढरांची संख्या सुमारें १,०५,००० व निर्मूलनासाठीं मारलेल्यांची सुमारें ६,५०,००० सांगितली जाते. १९५२ पर्यंत यागसिक्ते नाहींसा झाला. मैदी कांहीं ठिकाणीं पुन्हां उद्भवला व तेथें पुन्हां संहार करावा लागला. त्याचा शेवटचा रोगी १९६५ त आढळला. पराक्षय मात्र त्या देशांतून गेला नाहीं. वीस मेंढरांच्या आयातीचा हिशेब पुरा करावयास एका देशास बत्तीस वर्षें लागलीं.

(६) सिगुर्दसनचा सिद्धांत

या संकटांतून एक नवा विचार जन्मास आला. रेक्याविकजवळ केल्दुर येथें १९४८ त अमेरिकेंतील रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्यानें एक संशोधनसंस्था उभी राहिली. तिचा प्रमुख ब्यॉर्न सिगुर्दसन (१९१३–१९५९) यानें १९५४ त लंडन विद्यापीठांत व्याख्यानें दिलीं व मैदी, पराक्षय आणि 'रिदा' या तीन रोगांच्या आधारें 'मंद संसर्ग' हा वेगळा वर्ग मांडला. त्याचीं लक्षणें त्यानें अशीं दिलीं: लागण व पहिलें चिन्ह यांमध्यें महिने वा वर्षें जातात, चिन्ह दिसल्यावर रोग ठराविक क्रमानें पुढें जाऊन बहुधा मृत्यूंत शेवट होतो, आणि रोग एकाच जातीच्या प्राण्यास व त्याच्या एकाच इंद्रियास पछाडतो. तिसरें लक्षण पुढें बदलावें लागेल असें त्यानेंच सुचविलें होतें, व तसेंच झालें.

तोंपर्यंत संसर्गजन्य रोगांचे तीव्र व जुनाट असे दोन प्रकार मानीत. जुनाट रोग कधीं वाढतो, कधीं कमी होतो. त्याच्या चालीचा नेम नसतो. मंद रोगाची चाल मात्र नेमकी असते. फक्त तिचें घड्याळ हळू चालतें. हा भेद सिगुर्दसननें प्रथम स्पष्ट केला. १९५७ त त्यास व हाल्दोर थोर्मार, पाल पाल्सन या सहकाऱ्यांस विस्नाचा विषाणु कांचपात्रांतील पेशींवर वाढवितां आला. पुढें मैदीचा विषाणुहि मिळाला, व दोन्ही रोग एकाच विषाणूचीं दोन रूपें असल्याचें ठरलें. फुप्फुसांत बसला तर धाप, मेंदूंत बसला तर अर्धांग.

या विषाणूची रीत अशी. रक्तांतील ज्या पेशी रोगजंतूंस गिळून शरीराचें रक्षण करतात त्यांतच तो शिरतो, व आपलें बीज त्या पेशींच्या आनुवंशिक द्रव्यांत गुंफून ठेवतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण करतें, परंतु गडाच्या पहारेकऱ्यांतच फितूर लपला असतां बाहेरच्या तोफांचा जसा उपयोग होत नाहीं तशीच त्यांची गत होते. मंद या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून अशा विषाणूंस 'लेंटिव्हायरस' म्हणतात. १९८३ त मनुष्यांतील एड्स रोगाचा विषाणु सांपडला, व १९८५ त तो विस्नाच्याच कुळांतील असल्याचें सिद्ध झालें. मनुष्याच्या या महारोगाचा विचार करण्यास जी चौकट लागली तिचा एक भाग आइसलंडच्या मेंढवाड्यांत तीस वर्षें आधीं तयार झालेला होता. यागसिक्तेचा विषाणु मात्र याच मोठ्या वर्गाच्या दुसऱ्या शाखेंतील असून तो फुप्फुसांत अर्बुद उत्पन्न करतो. स्कॉटलंडांतील डॉली नांवाची प्रसिद्ध मेंढी १४ फेब्रुवारी २००३ रोजीं गेली ती याच रोगानें. रिदा हा तर विषाणूचा रोगच नव्हे. तो विकृत प्रथिनापासून होतो असें पुढें ठरलें.

(७) आपल्या देशाकडे

हा रोग आइसलंडांतच होता असें नव्हे. तशाच धापेचें वर्णन दक्षिण आफ्रिकेंत १९१५ त व अमेरिकेंतील माँटाना प्रांतांत १९२३ त झालें होतें. परंतु तेथें कोणी तिची सांगड घातली नव्हती. हिंदुस्थानांतहि हे रोग आहेत. १९६४ त राज्य व सिंह या दोघां पशुवैद्यांनीं येथील शेळ्यामेंढ्यांत यागसिक्ते व मैदी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं १९६१ त झ्लॉटनिक व कटियार यांनीं हिमालयाच्या पायथ्याकडील मेंढरांत रिदाच्याच जातीचा रोग नोंदला होता.

या अभ्यासाशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. देशांतील पशुरोगसंशोधनाची आद्य सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्यांतच स्थापन झाली. १८९३ त ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें गेली व पुढें भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून वाढली. रॉकफेलर फाउंडेशननें केल्दुरला जसें साह्य केलें तसेंच पुण्यास १९५२ त निघालेल्या विषाणुसंशोधन केंद्रासहि केलें. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९९२ त एड्सविषयक राष्ट्रीय संशोधनसंस्था पुण्याजवळ भोसरीस निघाली. विस्नाच्या मानवी भाऊबंदाचा अभ्यास अशा रीतीनें आपल्याच दाराशीं चालू आहे. विस्नाच्या मूळ घराचा, म्हणजे मेंढवाड्याचा, इतिहास मात्र आपण अजून हातीं घेतलेला नाहीं.

(८) धनगरांच्या वाटा

दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. पाऊस सरला म्हणजे माणदेश, फलटण, बारामती या बाजूंचे कित्येक धनगर आपले वाडे घेऊन घाट उतरतात व उन्हाळा संपेपर्यंत कोंकणांतील शेतांतून फिरतात. शेतकरी आपल्या रानांत मेंढरें बसवितो. लेंडीखतानें त्याच्या जमिनीस कस येतो आणि धनगरास धान्य वा पैसा मिळतो. रात्रीं अनेक कुटुंबांचीं मेंढरें शेजारींशेजारीं वाघरींत कोंडलेलीं असतात. पावसाळा येतांच सर्व पुन्हां घाटावर चढतात. गुंथर सोंथायमर यांनीं या लोकांच्या देवतांचा व वाटांचा, आणि माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनीं त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केलेला आहे, तो वाचकांनीं अवश्य पाहावा.

उघड्या रानांत राहणाऱ्या कळपांस मंद रोगाचें भय बंद कोंडवाड्यापेक्षां कमी, हें खरें. परंतु जनावरांची देवघेव मोठी आहे. लोकर सुधारावी म्हणून विसाव्या शतकांत दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुले या परदेशी जातींशीं संकर करण्यांत आला. अलीकडे जत तालुक्यांतील माडग्याळी एडक्यांस मोठी मागणी असून आटपाडीच्या कार्तिकी यात्रेंत त्यांचे व्यवहार होतात. एडका विकत घेतांना त्याचे दांत, उंची व नाकाचा बांक पाहतात. तो कोणाच्या वाड्यांतला, त्याची आई कशानें मेली, हें घेणारा विचारीतहि असेल. पण तें कोठेंच लिहून ठेवलें जात नाहीं. चार वर्षांनीं मेंढी धापूं लागली म्हणजे दोष चाऱ्याला, हवेला वा दैवाला देतात. उलट आइसलंडांत सहा लाखांवर मेंढरें मारूनहि देश वांचला तो कोणाचें मेंढरूं कोठून आलें हें सांगणाऱ्या वह्या होत्या म्हणून.

(९) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दिवसांनीं मोजलेली अलगता वर्षांनीं चालणाऱ्या रोगास अडवूं शकत नाहीं. तेथें रक्ताची परीक्षा व पूर्वपीठिकेची नोंद हींच खरीं साधनें. दुसरी, निरोगी दिसणें हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. तिसरी, मेंढपाळाचा साधा शब्द हाहि ऐतिहासिक पुरावा आहे. धाप व खंगणें हे शब्द ज्यांनीं प्रथम उच्चारले त्यांनींच रोगाचें यथार्थ वर्णन केलें होतें.

करंजाच्या शेजारीं न्हावाशेवा येथें १९८९ पासून मोठें बंदर चालू आहे. बेटाभोंवतीं पाणी आहे म्हणून कोणी निर्धास्त राहण्याचे दिवस कधींच मागें पडले. आमच्या संशोधकांनीं वतनपत्रें व महजर जमविले तसेच धनगरांच्या वाड्यांच्या वाटा, यात्रांतील एडक्यांचे व्यवहार व वृद्ध मेंढक्यांच्या तोंडच्या रोगकथा या साधनांचाहि संग्रह करावा. ज्या वृद्धांस या गोष्टी आठवतात ते दरसाल थोडे होत चालले आहेत. त्यांच्यामागें या साधनांची दुसरी प्रत उरणार नाहीं.